दोन्ही बाजूंनी ऐकणारा माईक

माईक म्हटला की मला अजूनही आधी फुंकर ऐकू येते. आमच्या गावात कुणीही माणूस माईकसमोर उभा राहिला की पहिल्यांदा त्यात दोनदा फुंकायचा, मग बोटाने टकटक करायचा, मग ‘हॅलो, हॅलो’ म्हणत मांडवाच्या पार शेवटच्या खांबाकडे बघायचा आणि मग कुठे बोलायला लागायचा. सरपंच फुंकायचे, भटजी फुंकायचे, क्रिकेटच्या मॅचची कॉमेंट्री करणारी पोरं तर फुंकून फुंकूनच दमायची. बाबांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा, त्यामुळे ही सगळी फुंकाफुंकी आमच्याच माईकांवर व्हायची, आणि लग्न आटपलं की माईकच्या जाळ्या साफ करायचं काम माझ्याकडे असायचं. जुन्या टूथब्रशने मी त्या घासायची. हळद, तंबाखू, बुंदीचा चुरा, काय काय निघायचं ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी पॉलिटेक्निकला जाताना माझ्या नखांत ती घाण असायची आणि मी हात बाकाखाली ठेवून बसायची. लाज वाटायला तेव्हा मला फार मोठं कारण लागत नसे.

आमचं घर सुकापूरच्या पुढे, गावाच्या कडेला. नवीन पनवेलच्या इमारती तेव्हा आमच्या शेतांपर्यंत येऊन थांबल्या होत्या. म्हणजे त्या थांबल्यात असं आम्हाला वाटत होतं. ओटीवर स्पीकरचे खोके, गुंडाळलेल्या कनाती, दिव्यांच्या माळांचे गुंते, आणि त्यातून वाट काढत आत गेलं की मधली खोली आणि त्याच्या मागे स्वयंपाकघर. सकाळी जाग यायची ती आईच्या तांदळाच्या भाकऱ्यांच्या थपथपीने. मग जवळा परतल्याचा वास घरभर फिरायचा आणि कनातींत जाऊन बसायचा. एकदा एका सोसायटीतल्या बाईंनी बाबांना सांगितलं की तुमच्या पडद्यांना मासळीचा वास येतो. बाबा शांतपणे म्हणाले की जेवणं सुरू झाली की कुणाला कळतंय. मी तिथेच उभी होते, वायर गुंडाळत. मला त्या बाईंचा राग यायला हवा होता, पण मला आला तो आमच्या जवळ्याचा. घरात आम्ही आगरी बोलायचो. कॉलेजात मी ‘आहे’ आणि ‘नाही’ अगदी जपून, पाहुण्यांसमोर काचेचे ग्लास ठेवावेत तशी ठेवायची, आणि घरून फोन आला की व्हरांड्यात पळायची. आज ऑफिसात मी मुद्दाम ‘नाय’ म्हणते. त्यानेही काही भरून येत नाही, पण म्हणते.

त्याच छपराखाली, भिंतीपलीकडे, मोठी आय राहायची. बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका मिठागरात होते. मिठागर गेलं तसे ते ओटीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. चुली दोन होत्या, पण कुणाकडे चिंबोऱ्या आल्या की त्या दिवशी एकच. मोठी आय आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्नात धवला लागतो. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालून जातं, धवलारीण हवीच. ती एक ओळ सोडते, बाकीच्या बाया तीच झेलून परत म्हणतात. देवांना, दर्याला, गेलेल्या पूर्वजांना, सगळ्यांना लग्नाचं आमंत्रण त्या गाण्यातून जातं. मोठ्या आयला हे सगळं पाठ होतं, तिच्या आयकडून आलेलं. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं.

तिचा आवाज गोड नव्हता. जाडं दळलेलं तांदळाचं पीठ हाताला लागतं तसा तो कानाला लागायचा. वर जायचा तेव्हा थोडा कापायचा, आणि ओळीच्या शेवटी तिचा श्वास संपत आला की त्यात एक खरखर यायची, तीच मला सगळ्यात आवडायची. पण बाबांच्या माईकमधून हा आवाज आला की पार वाट लागायची. खरखर तेवढी पुढे यायची आणि बाकीचं सगळं पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं. लग्नात पोरं हसायची. डीजे लावा, डीजे लावा, म्हणून ओरडायची. मोठी आय त्यांच्याकडे न बघता पुढची ओळ सोडायची. मला मात्र वाटायचं, आपल्याच स्पीकरवर आपल्याच माणसाचं हसं होतंय.

पनवेलच्या एका सायबर कॅफेत, कॉलेज सुटल्यावर, मला रिबन माईकचा शोध लागला. दोन लोहचुंबकांच्या मधल्या फटीत ॲल्युमिनियमची एक अगदी पातळ, सुरकुत्या पाडलेली पट्टी सैल टांगायची. आवाजाने ती हलते, हलली की वीज तयार होते, इतकी थोडी की आहे का नाही कळू नये. बस, एवढाच माईक. जगभरची हौशी माणसं तो घरी करत होती आणि सगळी एकच सांगत होती, की खरखरीत आवाज, म्हाताऱ्या माणसांचा आवाज हा माईक मऊ करून ऐकवतो, पण त्यातला कस जाऊ देत नाही. मी ते वाचलं आणि मला दुसरं काही सुचेना.

मग पट्टीची शोधाशोध. आईच्या डब्यातला स्वयंपाकाचा फॉइल पहिला घेतला. तो फारच जाड. आवाज असा आला की माणूस गोधडीखालून बोलतोय. मग चॉकलेटची चांदी. तिच्या मागे कागद असतो, तो गरम पाण्यात भिजवून सोडवायचा, आणि नेमका शेवटच्या बोटभर जागेत तो चांदीसकट निघायचा. मग मला वाटलं, आपल्याकडे मिठाईवर लावतात तो वर्ख का नको? त्याच्याहून पातळ काय असणार. मिठाईवाल्याकडून दोन कागदांमधला वर्ख आणला. दार बंद, पंखा बंद, आईला सांगितलं हलू नको. कागद उघडला आणि माझ्याच श्वासाने तो उठून माझ्या ओठांना चिकटला. आई हसून हसून खाली बसली. शेवटी सापडली ती बाबांच्या माळ्यावर: जुन्या रेडिओंचे कागदी कपॅसिटर. मेणाचा कागद उलगडत गेलं की आत लांबच लांब, पातळ, मऊ ॲल्युमिनियमची पट्टी. फुंकरीने थरथरते पण हातात टिकते. सुरकुत्या पाडायला आधी आईचं करंजीचं कातणं वापरलं. त्याचे दाते फार मोठे. मग बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमधली दोन प्लॅस्टिकची दातेरी चाकं एकमेकांवर बसवून मधून पट्टी ओढली, तर अशी छान बारीक चुणी पडली की मी ती सगळ्यांना दाखवत फिरले. काकांना दाखवली. ते म्हणाले, बरी हाय, पन कशाला?

चुंबक तळोज्याच्या एका भंगारवाल्याकडून आणले, मोटारींतून निघालेले, इतके ताकदीचे की एकदा बोटाची चामडी मध्ये सापडून मी अख्खी ओटी नाचले. त्या चुंबकांनी मला शिकवलं की आपल्या घरात लोखंड किती आहे. स्क्रू उडून येऊन चिकटायचा, टाचणी यायची, तव्याची खरवड यायची. म्हणून सगळं बिनलोखंडी हवं. चौकट स्विचबोर्डाच्या काळ्या पाटीची, स्क्रू पितळी, पट्टी धरायला तांब्याचे तुकडे. लोखंडाची बारीक पूड फटीत अडकली की पट्टीला घासून करकर यायची. ती काढायला सगळ्यात चांगलं काय, तर भाकरीच्या पिठाचा गोळा. टेकवायचा, उचलायचा. वरची जाळी म्हणून पनवेलच्या बाजारातून दोन पितळी गाळण्या आणल्या, एक पुढे, एक मागे. आत माझी जुनी नायलॉनची ओढणी. तो माईक तयार झाला तेव्हा दिसायला चहा गाळायच्या भांड्यासारखाच होता, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला तो न्यायची मला हिंमत झाली नाही. मैत्रिणींना सांगितलं की मी टायमरचं सर्किट करतेय.

पहिली पट्टी फाडली ती बाबांनी. मी कौतुकाने माईक त्यांच्यासमोर धरला आणि त्यांनी जन्माच्या सवयीने त्यात फुंकर मारली. पट्टी गेली. त्यांना काय झालं तेच कळेना. “असा कसा माईक तुजा, जो फुंकर खात नाय?” म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, मग माळ्यावरचा दुसरा कपॅसिटर सोलायला बसले.

त्याच सुमाराला मोठ्या आयच्या गळ्याला गाठ आली. आधी सुपारीएवढी, पदराखाली झाकली जाईल इतकी. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी काकांना आणि बाबांना आत बोलावून सांगितलं की गाठ काढावीच लागेल, पण ती आवाजाच्या नसेला चिकटून बसली आहे. जीव वाचेल, आवाज परत येईल असं धरू नका. मोठी आय बाहेर बाकावर आईशेजारी बसली होती. बाहेर येऊन बाबांनी तिला सांगितलं, साधी गाठ हाय, काढली का झालं. घरी आल्यावर मागच्या दारी सगळ्यांचं ठरलं की तिला हे कळता कामा नये. कळलं तर ती ऑपरेशनला बसणारच नाही, असं काका म्हणाले. आईने माझ्याकडे बघून विचारलं, तुझं ते यंत्र चालतं का? तिचा आवाज त्याच्या आधी भरून ठेव. मी हो म्हणाले. मला तेव्हा, खरं सांगते, दुःखाच्या आधी आनंद झाला, की माझ्या माईकला काम मिळालं. ती लाज वेगळी.

मोठ्या आयला मी सांगितलं की कॉलेजचं काम आहे, मार्क आहेत. ज्या कॉलेजात मी तिचं नावही कधी काढलं नव्हतं. ती इतकी खूश झाली की त्या दिवसापासून शेजारणींना सांगत सुटली, आमच्या पोरीच्या कालेजात धवला जानार हाय. नवीन लुगडं काढलं. मी म्हटलं, मोठी आय, यात फोटो येत नाही, फक्त आवाज येतो. ती म्हणाली, आवाज मळक्या लुगड्यात बरा निघत नाय.

आता जे पुढे झालं ते एका सामानाच्या निवडीवरून झालं, म्हणून तेवढं सांगून पुढे जाते. रिबन माईक समोरून ऐकतो तितकंच मागूनही ऐकतो; फक्त दोन्ही कुशींनी तो बहिरा. पट्टीला पुढचं-मागचं काही नसतं, तिला दोन्हीकडून हवा लागते. मागची बाजू बंद करायची तर पट्टीमागे लोकर किंवा जाड लोकरी कापड भरतात. मीही काकांच्या जुन्या घोंगडीचा तुकडा कापून मागच्या गाळणीत भरला होता. मोठ्या आयला दोन ओळी म्हणायला लावल्या. मागचा आवाज बंद झाला खरा, पण तिचाही कोंडला. ती शेवटची खरखर, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गेलीच. घोंगडी काढली आणि आवाज एकदम मोकळा झाला, जसा ती हळदीला उखळाशी बसून म्हणते तसा. मी विचारही केला नाही. घोंगडीचा तुकडा खिडकीतून फेकून दिला.

दुपारची वेळ ठरवली, रस्त्यावर वर्दळ कमी म्हणून. मधल्या खोलीत मोठी आय चटईवर, तिच्यासमोर स्टुलावर माईक, माईकच्या मागे स्वयंपाकघराचं दार. दाराला पडदा. आईला बजावलं होतं की भांडं वाजवायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. पट्टीतून वीज इतकी कमी येते की बाबांच्या लाउडस्पीकरच्या मिक्सरची सगळी बटणं मी शेवटपर्यंत फिरवली होती. मुंगी चालली तरी ऐकू यावी एवढी. कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत होता, त्याच्या पंख्याचा आवाज नको म्हणून. मी तिथेच हेडफोन लावून बसणार होते, पण मोठी आय म्हणाली, मी भिंतीला धवला बोलू काय, तू समोर बस, ओळ झेलायला कुनीतरी पायजे. म्हणून मी बटण दाबून आले आणि माईकच्या कुशीला, तो जिकडून ऐकत नाही तिकडे बसले, आणि ओठांतल्या ओठांत ओळी झेलत राहिले.

ती काय म्हणाली म्हणून सांगू. मांडवापासून सुरुवात केली, तांदूळ आले, हळद आली, दर्याला आमंत्रण गेलं. मधेच डोळे मिटले आणि मग ती आमच्या घरात नव्हतीच. इतकं पूर्ण मी कुठल्या लग्नातही ऐकलं नव्हतं, कारण लग्नात पोरं मधे ओरडतात, फोटोवाला मधे येतो. संपलं तेव्हा तिने डोळे उघडून विचारलं, “मार्क मिलतील ना?” मी मान हलवली.

तिला ऐकायचं होतं. तिला कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं, अंबाड्यावरून हेडफोन चढवला आणि लावलं. आपला आवाज असा, डब्यातला नव्हे, तिने जन्मात पहिल्यांदा ऐकला. हेडफोनवाली माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, ही मीच काय गं? मग तिचा हात मांडीवर ताल धरायला लागला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला माझ्या माईकचा इतका अभिमान वाटत होता की सांगता सोय नाही. तेवढ्यात तिचा हात थांबला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ अजून हलत होती, गाणं चालू होतं, पण हात थांबला होता. थोड्या वेळाने तिने बोटाने खूण केली, परत लाव, मागचं लाव. मी मागे नेलं. तिने एका कानावरचा हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

तिच्या आवाजाच्या खाली, जवळून, अगदी कानात सांगावं तशी माझी आई कुजबुजत होती. मागच्या दाराने शेजारची वहिनी आली असणार. आई तिला आधी दबक्या आवाजात म्हणाली की हळू बोल, आत भरून घेतायत. मग म्हणाली, “नस जानार हाय तिची. आवाज परत येनार नाय. तिला कुनी सांगितला नाय, तू पन बोलू नको. म्हनून तर पोरगी भरून घेते.” वहिनीने काहीतरी विचारलं, आई म्हणाली, “कालेज कसला नि काय, बोलाला आपला.” वर मोठी आय दर्याला लग्नाला बोलवत होती.

मी हेडफोन कानापासून दूर केला, पण ऐकून झालं होतं. लाजेने कानशिलं तापतात म्हणतात ते खरं आहे. माझी तापली होती. तिच्याकडे बघायचं धाडस होईना, म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले.

“तुला ठाव होता,” ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

मी मान हलवली.

ती रडली नाही. गळ्यावरून एकदा हात फिरवला, गाठीवरून, जसा बाई देवळात जाताना मंगळसूत्र चाचपते तसा. मग म्हणाली, हे पूस. मी घाईघाईने सांगायला लागले की मी तेवढंच काढते, आईचं बोलणं तेवढं काढून टाकते. आणि बोलता बोलता मलाच कळलं की ते निघणार नाही. पट्टी एकच. पुढून आलेलं आणि मागून आलेलं तिने एकाच वेळी, एकाच हलण्यात घेतलं होतं. हळदीपासून दर्यापर्यंतचा सगळा भाग त्या कुजबुजीवर बसलेला. तिला बाकीचं तंत्र कळलं नसेल, पण माझ्या तोंडावरून एवढं कळलं.

“मंग सगलाच पूस.”

मी म्हटलं, उद्या परत भरू, आईला बाहेर पाठवू, दार लावून घेऊ. तिने डोकं हलवलं. म्हणाली, “धवला रडक्या गल्यानी नाय बोलाचा, पोरीच्या संसाराला लागतो. आनि आता मी बोलाय बसली का मना रडाय येल.” मग खुर्चीतून उठता उठता थांबली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, “सुमनला कलता कामा नये. मी ऐकला हे तिला कलला, तर ती माज्यासमोर मान वर करनार नाय. आमाला एका घरात राव्हाचा हाय.”

सुमन म्हणजे माझी आई. जिचं तिने ऐकलं होतं, तिची लाज तिला राखायची होती.

मी पुसलं. तिच्या देखत. कॉम्प्युटर विचारतो, नक्की का, तेव्हा मी हो म्हटलं. तिला वाचता येत नव्हतं. मी दुसरंच काहीतरी दाबून तिला सांगू शकले असते की झालं, पुसलं, आणि तो आवाज आज माझ्याकडे असता. इतक्या वर्षांत मी हा विचार किती वेळा केला असेल. पण कॉलेजचं एक खोटं नुकतंच तिच्या कानात पडलं होतं, ती शेजारी उभी होती, आणि दुसऱ्यांदा माझा हात वळेना. रेघ पडद्यावरून गेली. मोठी आय म्हणाली, चल, भूक लागली असेल, आणि जाऊन आईकडे भाकरी मागून मला वाढली. आईने विचारलं, कसं झालं? मोठी आय म्हणाली, ब्येस झाला. मग आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, नाही झालं, पट्टी मधेच तुटली होती, काही आलंच नाही. आईच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली.

ऑपरेशन झालं. मोठ्या आयचा जीव वाचला आणि आवाजाच्या जागी नुसता वारा राहिला. जवळ कान नेला तर शब्द कळायचे. वॉर्डात आईने जो आकांत मांडला तो मी विसरूच शकत नाही. डॉक्टरांनी फसवलं, म्हणाले होते साधी गाठ आहे, यांना काय कळतं, असं रडत रडत, आजूबाजूच्या खाटांना ऐकू जाईल असं. रडणं खरं होतं, बोलणं खोटं. मोठी आय उशीवर पडून तिच्याकडे बघत होती. तिने आईचा हात ओढून घेतला आणि थोपटत राहिली. थोपटता थोपटता एकदा माझ्याकडे बघितलं, मी गप्प आहे ना ते बघायला. मी खिडकीकडे तोंड केलं.

पुढच्या मोसमात मोठ्या आयच्या धाकट्या मुलाचं, संदेशचं लग्न निघालं. दुसऱ्या गावची धवलारीण आणली होती, तिला निम्मंच येत होतं, आणि तेही ती डायरीत बघून म्हणायची. हळदीला मांडव भरला होता. बाबा मिक्सरवर. कुणीतरी म्हणालं, मोठ्या आयचा आवाज भरून घेतला होता ना पोरीने, तो लावा की. सगळी माझ्याकडे वळली. कॉलेजच्या मैत्रिणीही आल्या होत्या, पहिल्यांदाच आमच्या घरी. मी सांगितलं की तो आलाच नव्हता. बाबा हसून म्हणाले, येनार कसा, चहाच्या गाळनीचा माईक बनवला होता हिने, आणि मांडव हसला. मैत्रिणी हसल्या, वाईट मनाने नव्हे. आई हसली नाही. हळदीची वाटी हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाली, “एवढा शिकवली तुला, एक काम सांगितला होता.” मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. मोठी आय वराच्या बाजूला पाटावर बसली होती, मुलाच्या खांद्याला हळद लावत. तिने मान वर केली नाही. हळद लावून झालेल्या खांद्यालाच ती परत लावत राहिली.

मोठी आय त्यानंतर बरीच वर्षं होती. तिच्या-माझ्यात हा विषय कधीच निघाला नाही. त्या दोघी जावा एका ओटीवर वाल सोलत बसायच्या, आई बोलायची, मोठी आय वाऱ्याने हो-नाय म्हणायची. खरंच एका घरात राहिल्या, अगदी शेवटपर्यंत, मान वर करून. मी अजूनही हौसेने रिबन माईक करते, लोक मागतात, आणि प्रत्येकाच्या मागे लोकर भरते. ऐकणारे म्हणतात, आवाज थोडा कोंडतो. कोंडू दे.

मोठी आय गेली, आणि गेल्या वर्षी आई गेली, म्हणून हे लिहितेय. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी तिच्याजवळ होते. एका दुपारी जाग आल्यावर तिला मोठ्या आयची आठवण झाली असावी. म्हणाली, काय गळा होता, तुझ्याकडे तेवढा एक राहिला असता तर आता लावायला सांगितला असता. मी मान खाली घातली. तिला वाटलं, मला माझ्या माईकची लाज वाटली. तिने माझा हात शोधला, थोपटला आणि म्हणाली, “जाव दे गं. तुजी काय चूक त्यात.”